मागे म्हणजे कुठे

मोहाडीच्या पॅकहाउसमधून फोन आला तेव्हा
मी महात्मानगरात, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर
डबा उघडून बसलो होतो.
"साहेब, तुमचं ॲप मला दाराबाहेर काढतंय."
मथुरा गांगुर्डे, टेबल नंबर सात.
पेटीचं वजन भरलं, सेव्ह केलं, मागे दाबलं
की स्क्रीन विचारते : तुमचं नाव?
"लग्नात नवऱ्याचं जेवढ्यांदा घेतलं नव्हतं
तेवढ्यांदा मी दिवसात स्वतःचं नाव घेते."

मी म्हणालो, माझ्याकडे तर नीट चालतंय.
आमच्या धंद्यात हे वाक्य
शिंप्याच्या 'उद्या नक्की'सारखं असतं.

दुसऱ्या दिवशी जानोरीवरून मोहाडी.
आत थंडी एवढी की मार्चात सगळ्या बायका
स्वेटरवर ॲप्रन घालून उभ्या.
हिरवे घड, कात्र्या, पनेट, काटा,
आणि काट्याशेजारी माझं ॲप,
प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेलं.
हातमोज्यातलं बोट स्क्रीनला कळत नाही
म्हणून मोज्याचं एक टोक कापलेलं.
हे मला कुठल्याही मीटिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

मी क्रेट उलटा करून बसलो, लॅपटॉप मांडीवर.
वजनाची स्क्रीन दर पेटीला नवी उघडत होती,
जुनी मिटतच नव्हती.
एकावर एक, दुरडीतल्या भाकरींसारखी,
खालची गार, वाफेनं ओली,
दुपारपर्यंत दोनशे बारा.
आणि दुरडी वाहू नये म्हणून कोणीतरी
एक अतिहुशार ओळ लिहिली होती :
मागे दाबलं की सगळं रिकामं कर,
पहिल्या पायरीवर नेऊन ठेव.
कोणी लिहिली म्हणून पाहिलं.
माझंच नाव. दोन वर्षांपूर्वीची तारीख,
रात्रीचे दोन वाजून चाळीस मिनिटं.

"मग आतापर्यंत चालवलं कसं?"
"मागे दाबतच नाही ना मी.
ॲप बंद करते, परत उघडते.
नाव टाकते. पेटी टाकते."
शेजारची हिराबाई म्हणाली, "आम्ही सगळ्याच."
अख्ख्या हॉलने माझी चूक
कामाची पद्धत म्हणून शिकून घेतली होती,
नव्या पोरींना शिकवलीसुद्धा होती.

मी विचारलं, मागे दाबल्यावर कुठं जायला हवं तुम्हाला?
(कागदावर माझ्याकडे तीन पर्याय होते, बाणांसकट.)
मथुराबाईंनी कात्री थांबवली नाही.
"जिथनं आले तिथं. आणखी कुठं?"

ओळ खोडली. दुसरी लिहिली, पहिलीपेक्षा लहान.
पेटी भरली, मागे. यादी दिसली.
आणखी एक, मागे. यादी.
त्यांनी अकरा वेळा करून पाहिलं,
बाराव्यांदा नुसतंच दाबलं, गंमत म्हणून.
काही बोलल्या नाहीत. काट्यावर पुढचा घड ठेवला.

येताना पूल चढलो, उतरायचं विसरलो.
द्वारका खालून गेली, मुंबई नाका खालून गेला,
ज्या गल्लीत वळायचं ती डावीकडे दिसत राहिली
आणि मी वरून, साठच्या वेगानं, पुढे.
उतरलो ते थेट पाथर्डी फाट्याजवळ.
तिथं उसाच्या गुऱ्हाळापाशी गाडी लावून
बराच वेळ नुसता बसलो.
ती रात्र आठवायचा प्रयत्न केला, दोन चाळीसची.
आठवली नाही. ओळ तेवढी आठवत होती.

रात्री व्हॉइस मेसेज आला, मागे पंख्यांचा आवाज :
"साहेब, मागे जातंय बरं का. पण ते पुसायचं बटन
सेव्हच्या अगदी कडेला आहे, थंडीनं बोट घसरतं.
हिराच्या तीन पेट्या गेल्या आज."
मी लॅपटॉप उघडला.
ॲपने माझं नाव विचारलं.